विमानाची भीती आईला, आणि सोबत चार वर्षांची लेक

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्याहून मुंबई आणि मुंबईहून दुबई, दिवाळीच्या सुट्टीत मिस्टरांकडे जायचंय, सोबत चार वर्षांची मुलगी आणि दुसरं मोठं माणूस कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बंगळुरूहून येताना विमान जोरात हललं होतं, तेव्हापासून तुम्ही विमानात पाय ठेवलेला नाही, आणि अहमदाबादच्या अपघातानंतर तर तिकिटाचं पान उघडलं तरी हात गार पडतात. मुलीला काहीच भीती नाही, तिला फक्त खिडकी पाहिजे. तर तिच्यासमोर चेहरा हसरा ठेवायची काही ट्रिक आहे का, नाहीतर निदान एखादी गोळी सांगा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सोळा वर्षं समुपदेशनाचं काम करते. लिफ्टची भीती, इंजेक्शनची भीती, कुत्र्याची, स्टेजची, विमानाची, नाव काहीही असो, आत शरीरात चालतं ते बरंचसं सारखंच असतं. आणि मी स्वतः विमानाला घाबरणारी बाई आहे, अजूनही टेकऑफला माझे पायाचे अंगठे बुटात आखडतात. त्यामुळे हे उत्तर निम्मं कामातून आलंय आणि निम्मं माझ्याच फजितीतून.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात "विमान पडेल" हे एकाच ओळीत आहे. बाकी सगळं काय आहे बघा, "मला चक्कर आली तर तिला कोण बघणार", "मी रडले तर ती घाबरेल", "माझी भीती तिला लागली तर". म्हणजे तुम्हाला विमानापेक्षा जास्त भीती स्वतःची वाटतेय, लेकीसमोर आपला तोल जाईल याची. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण विमान किती सेफ आहे यावर मी पाच पानं लिहिली तरी या दुसऱ्या भीतीला त्याचा काही उपयोग नाही. लोक नेमकं तिथेच चुकतात, आकडे सांगत बसतात.

आधी एक कबुली देते, खालचं सगळं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. मूल दोन वर्षांच्या आतलं आणि मांडीवर असेल तर त्याच्याशी बोलण्याचा भाग निरर्थक आहे, तिथे फक्त तुमचं शरीर किती सैल आहे एवढंच त्याला कळतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी वेगळं बोलावं लागतं, तो स्वतः यूट्यूबवर अपघाताचे व्हिडिओ बघून आलेला असतो. तुमची भीती बंद जागेची असेल, म्हणजे दार लागलं की जीव घुसमटतो अशी, तर तिचा उपाय थोडा वेगळा. आणि विमान सोडून एरवीही, भाजी निवडताना, रात्री झोपेत असे झटके येत असतील, किंवा दिवस गेलेले असतील, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, मग हे वाचा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही म्हणून पुढे जाते.

आता हसऱ्या चेहऱ्याबद्दल. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना आम्ही दोघंच पुण्याहून दिल्लीला चाललो होतो. मी चेहरा अगदी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा करून ठेवला होता, तोंडाने "बघ ढग, बघ कापूस" चालू. उतरायच्या आधी विमान दोन-तीनदा चांगलंच हललं आणि पोरगा म्हणाला, "आई सोड ना, दुखतंय." बघते तर त्याच्या मनगटावर माझ्या नखांच्या चार कोरी उमटलेल्या, मला पत्ताच नाही. आणि त्याच्या पुढचं वाक्य मी अजून विसरले नाही, "तू माझ्यावर रागावलीस का?"

म्हणजे त्याला कळलं होतं की आईचं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय हे मी सांगितलं नाही, म्हणून त्याने स्वतःच अर्थ लावला, आणि लहान मुलं बहुतेक वेळा अर्थ लावतात तो असाच, माझंच काहीतरी चुकलं. तेव्हापासून मी क्लिनिकमध्ये कोणालाही भीती लपवायला सांगत नाही. चेहरा लपवता येतो, हात, आवाज, श्वास लपत नाही, आणि मूल तर तुम्हाला चिकटून बसलेलं असतं.

पण याचा अर्थ चेहऱ्याला काही किंमत नाही असाही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, आमच्या अभ्यासात तो सगळ्यांना शिकवतात. वर्षा-वर्षाची बाळं काचेच्या टेबलावर सोडली, काचेखाली मध्येच एक पायरी खाली गेल्यासारखी दिसते, खरं तर काच सलगच आहे. पलीकडे आई उभी. आई हसरी असेल तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे रांगत गेली, आईच्या चेहऱ्यावर भीती असेल तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. यातून लोक "बघा, म्हणजे हसायलाच पाहिजे" असं काढतात. मी जरा वेगळं काढते. बाळ आईकडे बघतं कधी, तर समोरचं नीट कळत नसेल तेव्हा. मग आपलं काम काय, तर मुलीला समोरचं आधीच कळवून ठेवायचं, म्हणजे प्रत्येक आवाजाला तिला तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. वर्षाच्या बाळाला ते सांगता येत नाही, चार वर्षांच्या मुलीला येतं, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे.

तर तिला काय सांगायचं? निघायच्या दोन-तीन दिवस आधी, घरातच, वेण्या घालताना वगैरे, सहज. "विमान वर जाताना आईला पोटात कसंतरी होतं, थोडी भीती वाटते. तसं झालं की आई लांब श्वास सोडते आणि मग ते कमी होतं. तू मोजशील का माझे श्वास?" एवढंच. भीती आहे, ती कशामुळे आहे, आई त्यावर काय करते, आणि त्यात तुझी काही चूक नाही, हे सगळं त्यात आलं. मोजायचं काम मुलांना फार आवडतं.

इथे एक धोका आहे तो सांगते. मोजणं हा खेळ राहिला पाहिजे. "आईला सांभाळ हं तू" असं कधी म्हणू नका, गमतीनेही नाही, आणि आजीलाही फोनवर म्हणू देऊ नका. एक बाबा आले होते, त्यांचा सात वर्षांचा मुलगा अख्ख्या फ्लाइटमध्ये त्यांचा हात धरून "बाबा काही होणार नाही" म्हणत बसला होता, आणि बाबांना त्याचं भारी कौतुक. मुलगा घरी आल्यावर रात्री दोन-दोनदा उठून बाबा झोपलेत ना ते बघायला लागला. मोजून कंटाळली की तिला चित्रं काढू द्या, मोजणी बंद.

आणि ती विचारणार, "विमान पडतं का गं?" बायका म्हणतात मग "नाही, कधीच नाही." असं नका सांगू, बालवाडीत कोणीतरी सांगितलेलं असतंच आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो. "अगदी क्वचित पडतं. म्हणून तर दोन-दोन पायलट असतात आणि त्यांची दर सहा महिन्यांनी परीक्षा असते." हे खरंही आहे, सिम्युलेटरमध्ये बसवून एक इंजिन बंद पडलंय असं करून त्यांना उडवायला लावतात. चार वर्षांच्या मुलीला पायलटलासुद्धा परीक्षा असते हीच मोठी बातमी वाटते.

आता तुमच्या शरीराकडे येऊ, कारण "मला चक्कर आली तर" ही भीती नुसत्या समजावण्याने जात नाही. भीतीच्या झटक्यात काय होतं, आपण छातीने भराभर आणि उथळ श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, आणि आपल्याला वाटतं आता मी पडणार. पण झटक्यात रक्तदाब वाढलेला असतो आणि बेशुद्ध पडायला तो घसरावा लागतो, त्यामुळे पॅनिकमध्ये माणूस खरोखर बेशुद्ध पडणं फारच क्वचित. रक्त बघून ज्यांना घेरी येते त्यांची गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्हाला वाटतंय की मी कोसळेन आणि पोर एकटी पडेल, पण त्या क्षणी तुमचं शरीर उलट पळायच्या तयारीत असतं. मुंग्या आल्या की मनात म्हणा, श्वास जास्त झालाय, बाकी काही नाही. आणि मग घेण्याकडे नाही, सोडण्याकडे लक्ष द्या. चार मोजत नाकाने आत, सहा किंवा सात मोजत बाहेर, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून. "दीर्घ श्वास घ्या" हा सगळ्यात वाईट सल्ला, भरलेल्या माठात अजून पाणी ओतल्यासारखा. आधी सोडा.

आणि झटका कायम चढत जात नाही. त्याला आपण खतपाणी घातलं नाही तर साधारण वीस-तीस मिनिटांत उतरणीला लागतो. खतपाणी म्हणजे काय, तर सीटचा दांडा आवळून धरणं, क्रूचे चेहरे वाचत बसणं, पंख हलतोय का ते टक लावून बघणं, दर दोन मिनिटांनी घड्याळ. या सगळ्यातून मेंदूला निरोप एकच जातो, की धोका आहे आणि मी लक्ष ठेवलं म्हणून आपण वाचलो.

रामरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मला दर वेळी कोणीतरी विचारतं म्हणून लिहिते. स्तोत्र म्हणणं फार चांगलं, आणि त्यात काही गूढ नाही, एकेक ओळ म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, तालात सुटतो, अथर्वशीर्षाचंही तेच. फक्त त्याचा करार होऊ देऊ नका. "मध्ये चुकले तर काहीतरी होईल", "उतरेपर्यंत थांबायचं नाही" असं सुरू झालं की ते स्तोत्र राहत नाही, सीटचा दांडाच झाला तो. म्हणा, मध्येच मुलीने शू आली म्हटलं की सोडून द्या, परत आल्यावर वाटलं तर म्हणा.

आता विमान. भीती वाटणाऱ्या माणसाला आवाजांचा फार त्रास होतो, आणि गंमत म्हणजे ते आवाज दर वेळी जवळजवळ त्याच क्रमाने येतात. मी माझ्याकडे येणाऱ्यांना त्यांची यादी पाठ करायला लावते आणि मूल सोबत असेल तर आई किंवा बाबा कॉमेंट्री करतात, "आता धप्प येणार बघ." धप्प आलं की मुलगी टाळ्या वाजवते. भीती म्हणजे काय होणार ते माहीत नसणं, आणि कॉमेंट्री करणाऱ्या माणसाला पुढचा बॉल माहीत असतो.

क्रम असा. विमान अजून उभं असताना किंवा नुकतं हलायला लागल्यावर पायाखालून गुर्र-गुर्र, करवत चालवल्यासारखा किंवा कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येऊ शकतो. एअरबस ए ३२० जातीच्या विमानांत तो येतोच, हायड्रॉलिक पंपाचा आहे, काही तुटलेलं नाही. मग पंखातून घरघर, ते फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या सरकणाऱ्या पट्ट्या. मग धाव, चाकांची थडथड आणि एकदम थडथड बंद, म्हणजे आपण वर. काही सेकंदांत खालून घरंगळल्यासारखं आणि धप्प, चाकं पोटात गेली. आणि मग सगळ्यात वाईट क्षण, ज्याने माझे निम्मे क्लायंट घाबरतात. साधारण हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो आणि पोटात खड्डा पडतो, वाटतं इंजिन बंद पडलं, आपण खाली चाललो. पायलटने टेकऑफची पूर्ण ताकद कमी करून चढायच्या ताकदीवर आणलेली असते, गाडी पहिल्या गिअरमधून वर गेल्यावर आवाज उतरतो तसं. विमान तेव्हाही वरच चाललेलं असतं, फक्त कमी तिरकं. आपल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र जमिनीवरच्या आयुष्यासाठी बनलंय, त्याला वेग कमी वाढतोय आणि आपण पडतोय यातला फरक कळत नाही. या क्षणाचं नाव ठेवा काहीतरी. माझ्याकडच्या एका मुलाने त्याला "विमानाचा उसासा" असं नाव दिलंय, मी ते सरळ चोरलंय.

टिंग-टिंग आवाज होतात ते बेल्टच्या दिव्याचे किंवा क्रूला बोलावल्याचे. उतरताना परत घरघर, परत धप्प (चाकं बाहेर), आणि टेकल्यावर जी प्रचंड गर्जना होते ती ब्रेकला मदत म्हणून इंजिनाचा जोर पुढच्या बाजूला फिरवल्याची. माझा मुलगा त्या वेळी दोन्ही पाय समोर दाबून "ब्रेक मारतो" म्हणायचा.

हलण्याबद्दल. तुम्हाला बंगळुरूच्या वेळी वाटलं की विमान शेकडो फूट खाली पडलं. आत बसलेल्या सगळ्यांना तसंच वाटतं, पण नेहमीच्या हलण्यात बहुतेक वेळा वर-खालीचा फरक काही फुटांचाच असतो. एक काम करा, अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर आडवी ठेवा आणि मुलीला म्हणा पाणी किती हलतंय बघ. शरीराला वाटतंय भूकंप, आणि बाटलीत पाणी एसटीत हलतं त्याहून कमी. हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं तुम्हाला पटेल. एसटीचीच गोष्ट निघाली तर, खंबाटकी घाटात शेवटच्या सीटवर बसलेल्याला जे सोसावं लागतं ते ड्रायव्हरच्या मागच्याला लागत नाही, विमानातही शेपटाकडे जास्त हलतं, पंखांच्या आसपास कमी. पंखाच्या थोडं पुढची रांग घ्या, म्हणजे तिला खिडकीतून नुसता पंख दिसणार नाही. सकाळची फ्लाइट मिळत असेल तर घ्या, दुपारी जमीन तापली की हवा वर उसळते आणि जमिनीजवळचा भाग जास्त धक्क्यांचा होतो. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे पावसाळी ढगही बऱ्यापैकी ओसरलेले असतात, तुमचा मागचा अनुभव ऐन पावसाळ्यातला होता.

पंख मोडेल का? पंख वाकतात, वाकायलाच बनवलेत. नव्या जातीच्या विमानाचा पंख विमानाला आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं त्याच्या दीडपट भाराला टिकतो हे दाखवावं लागतं. बोइंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये हँगरमध्ये मुद्दाम वाकवत वाकवत नेला, तो १५४ टक्क्यांना मोडला, तोवर टोक सात मीटरच्या वर उचललं गेलं होतं. खिडकीतून पंख हाताभर हलताना दिसला की मला तो पंख आठवतो. हलण्यात दुखापत होते ती मुख्यतः बेल्ट न लावलेल्यांना. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानात एक प्रवासी गेला आणि बरेच जण जखमी झाले, तेव्हा बरेच लोक छतावर आपटले होते. म्हणून बेल्टचा दिवा विझला तरी तुमचा आणि तिचा बेल्ट लावलेला असू द्या, फक्त टॉयलेटपुरता काढा. इथे मी भीतीला हो म्हणते, ही भीती कामाची आहे.

अहमदाबादबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल. १२ जून २०२५, विमानातले २४२ पैकी २४१ गेले, खाली हॉस्टेलमधली माणसं गेली. त्यानंतरचे दोन महिने माझ्याकडे विमानाची भीती घेऊन आलेले लोक एरवीच्या कितीतरी पट होते, त्यातले काही तर आधी दर महिन्याला उडणारे. मी त्यांना "घाबरू नका" म्हटलं नाही. ती बातमी भयंकरच होती. पण आपला मेंदू धोका मोजतो तो किती सहज चित्र डोळ्यांसमोर येतं त्यावरून. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्याचा एकही व्हिडिओ तुमच्या डोक्यात अडकलेला नाही, म्हणून सातारा ते मुंबई हायवेची तुम्हाला भीती वाटत नाही, खरं तर तुमच्या अख्ख्या प्रवासातला जास्त धोक्याचा तुकडा तोच आहे. हे वाचून भीती जाणार नाही, मला माहितीये. पण निघायच्या आधी पंधरा दिवस फॅमिली ग्रुप म्यूट करा, कोणी "काळजी घे गं" म्हणून अपघाताची क्लिप पाठवली तर न उघडता डिलीट. एवढं तरी आपल्या हातात आहे.

गोळी. मी डॉक्टर नाही, गोळी मी देत नाही, पण माझं मत विचाराल तर या प्रवासात शामक गोळी नको. एक म्हणजे मुलगी एकट्या तुमच्या भरवशावर आहे, आणि गोळीने झोप येते, हालचाल मंद होते. दुसरं म्हणजे अल्प्राझोलामसारख्या गोळीने त्या दिवशी बरं वाटतं, पण मेंदूला कळतच नाही की आपण गोळीशिवायही हे पार केलं असतं. १९९७ मध्ये विमानाची भीती असलेल्या २८ बायकांवर एक छोटा अभ्यास झाला होता, ज्यांनी पहिल्या फ्लाइटला ती गोळी घेतली त्यांना पुढच्या आठवड्यात गोळीविना उडताना, पहिल्यांदा औषध नसलेली नकली गोळी घेतलेल्या गटापेक्षा जास्त पॅनिक आलं. तिसरं खास दुबईसाठी, अशी औषधं यूएईमध्ये नियंत्रित यादीत आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, उगाच विमानतळावर तमाशा नको. मैत्रिणीच्या डब्यातली गोळी तर अजिबातच नाही. आणि मुलीला झोपवायला सर्दीचं औषध देतात काही जण, ते नका करू, काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलटी पिसाळतात आणि मग तीन तास तुम्ही आणि ती.

तयारीला तुमच्याकडे वेळ आहे तो वापरा. मी करून घेते ते असं. पहिल्या आठवड्यात रोज एक टेकऑफचा व्हिडिओ, आतून घेतलेला, आवाज मोठा करून. भीतीला दहापैकी मार्क द्या, समजा सात. तोच व्हिडिओ परत परत, सातचे तीन-चार होईपर्यंत बंद करायचा नाही. सातवर असताना बंद केला तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या आठवड्यात घरात विमान करा, डायनिंगच्या खुर्च्या मागेपुढे, ओढणीचे बेल्ट, मुलगी हवाई सुंदरी, ती तुम्हाला चुरमुरे वाटणार आणि तुम्ही आवाज काढणार, गुर्र, घरघर, धप्प, उसासा. हसू येईल, येऊ द्या. आणि मुंबईत आदल्या दिवशी पोचणार असाल आणि घाटकोपर-कुर्ल्याकडे कोणी नातेवाईक असतील तर गच्चीवर मुलीला घेऊन अर्धा तास बसा, उतरणारी विमानं डोक्यावरून दोन-दोन मिनिटांनी जातात. पाच-सहा विमानांनंतर तुम्हीच मोजायचं सोडाल.

त्या दिवशीचं थोडक्यात. उपाशी जाऊ नका, पोट रिकामं असलं की भीती आणि भूक सारखीच वाटते. दही-भात, इडली असं काही. चहा-कॉफी एकच कप, धडधड तिने वाढते. भारतीय एअरलाइन्सना २०२४ पासून डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) आदेश आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका पालकाशेजारीच सीट द्यायची, तरी चेक-इनला बघून घ्या. तिला खिडकी, तुम्ही शेजारी. आत शिरताना दारातल्या क्रूला एक वाक्य, "मला फ्लाइटची भीती आहे, सोबत मुलगी आहे." लाजू नका, त्यांना हे रोज ऐकायची सवय असते आणि एखादी तरी मध्ये येऊन विचारून जाते.

उतरायच्या अर्धा तास आधीपासून तिच्या कानांकडे लक्ष, कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. झोपली असेल तर उठवा, झोपेत गिळणं कमी होतं. स्ट्रॉवाल्या बाटलीने घोट-घोट पाणी, किंवा दांडीचा लॉलीपॉप. लिमलेटच्या गोळ्या तुम्हाला, तिला नकोत, धक्का बसला तर घशात अडकायची. ती रडलीच तर ते कानामुळे असेल, तुमच्यामुळे नाही, हे तेव्हा लक्षात राहू द्या. आणि शेजारचे कपाळाला आठ्या घालून बघतील ते बघोत, सव्वातीन तासांनी ते तुम्हाला आयुष्यात परत दिसणार नाहीत.

आणि समजा सगळं करूनही रडू आलं, तर रडा. "आईला भीती वाटली, आता कमी होतेय" म्हणा, नाक पुसा, बॅगेतला खडूचा डबा काढा. रडण्यापेक्षा रडून झाल्यावर आईने काय केलं ते तिच्या लक्षात राहतं. महिना-दोन महिने हाताशी असतील आणि व्हिडिओचे मार्क सातवरून हलतच नसतील तर साताऱ्यातच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे चार-सहा बैठका करा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

परतीचं तिकीटही आत्ताच काढून ठेवा. पहिली फ्लाइट झाल्यावर आठवडाभरात दुसरी झाली की शिकलेलं पक्कं होतं, आणि तिथे बसून "परत कसं जायचं" याचा विचार करत सुट्टी वाया जात नाही. हां, आणि मिस्टरांसाठी फराळ नेणार असाल तर अनारसे घरीच ठेवा किंवा खसखस न लावता करा. खसखशीला यूएईत बंदी आहे, आणि तुमच्या भीतीच्या यादीत ती नव्हती म्हणून मुद्दाम सांगितलं.